पुरुषभर उणा

त्या मुलखात कुठल्याही डोंगराला आपली उंची ठाऊक नव्हती. ज्याच्या माथ्यावर ऊन आधी पडे तो थोरला, ज्याच्यावर मागाहून पडे तो धाकटा. एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या भागलं होतं.

मग फर्मान निघालं. मुलखातले डोंगर मोजायचे. मापात बसेल तो डोंगर. त्याचं नाव राहील. न बसेल तो शेजाऱ्याचा खांदा. त्याला शेजाऱ्याच्याच नावाने ओळखायचं.

मोजणीला एक यंत्रपाखरू आलं. ते उंचावरून फिरे आणि पोटातून बारीक किरण सोडी. किरण झाडाला जुमानत नसे, गवताला जुमानत नसे. पानांच्या फटींतून थेट मातीला जाऊन टेके.

ही बातमी ऐकून करवंद्या माथा उंचावून बसला. करवंद्या हा आढ्याचा धाकटा भाऊ. आढा उंच, कातळाचा, हुकूम सोडायची सवय असलेला. करवंद्या बुटका, अंगभर करवंदीच्या जाळ्या, आणि मानी. दोघांच्या मधे खिंड होती. ती त्यांची आई. एक हात याच्या कमरेला, एक त्याच्या, अशी ती जन्मभर वाकून बसलेली.

किरण आधी आढ्यावर टेकला. "डोंगर," म्हणाला आणि पुढे सरकला. करवंद्यावर मात्र रेंगाळला.

"जाळ्या धरायच्या नाहीत," किरण म्हणाला.

"माझ्याच आहेत त्या."

"असतील. मोजणी मातीची आहे. आणि नुसत्या उंचीने डोंगर होत नाही. तुझ्या माथ्यावरून खिंडीत यायला जेवढं उतरावं लागतं, तेवढाच तू तुझा. खालचा सगळा भावाचा. तू मापाला पुरुषभर उणा भरतोस."

"मग मी कोण?"

"आढ्याचा खांदा. पुन्हा एक फेरी होईल. तोवर तसाच."

आढ्याला हसू आलं. वाईट मनाने नव्हे. थोरल्यांना येतं तसं. "खांद्याला कसला रे कमीपणा? माझ्याच आडोशाला वाढलास ना? वारा कधी लागू दिला का तुला?"

ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

"त्याचं काय मनावर घेतोस, बाळा," खिंड म्हणाली. "पाऊस काय नाव विचारून पडतो?"

आईचं म्हणणं करवंद्याला पटलं असतं. पण आईला कोणी मोजत नव्हतं, तिला काय कळणार, असं त्याच्या मनात आलं.

खिंडीच्या कुशीत एक ओढा होता. लोचट, गोडबोल्या. त्याने करवंद्याचं मन ओळखलं.

"दादासाहेब, वाढणं कुणाच्या हातात नसतं. खणणं असतं. आईसाहेबांच्या पायाशी जो धोंडा आहे, तो तुम्ही धरून ठेवलाय. जरा सैल सोडा. पुढचं मी बघतो."

"आईला लागेल?"

"पुरुषभर तर खणायचं. त्यांना कळणारसुद्धा नाही."

करवंद्याने धोंडा सोडला.

पाऊस लागला तसं ओढ्याचं रूप पालटलं. खिंडीला सगळं कळलं. "बाळा, धोंडा धर रे. माझा पाय सुटतोय."

करवंद्याने माथ्यावर धुकं ओढून घेतलं आणि ऐकू न आल्यासारखं केलं. तरी त्याचं मन द्रवत होतं. धोंडा अजून हाताशी होता. तेवढ्यात पलीकडून आढा गरजला, "अरे गाढवा, धर तो धोंडा! मी सांगतोय!"

थोरल्याने हुकूम केला, आणि धाकट्याने हात आखडला.

ओढा पुरुषभरावर थांबला नाही. कुठे थांबायचं हे पाण्याला कुणी शिकवलेलं नसतं. पावसाळ्यामागून पावसाळे गेले. खिंडीची हाक आधी बारीक झाली, मग बंद झाली.

यंत्रपाखरू दुसऱ्या फेरीला आलं. किरण करवंद्याच्या माथ्यावर टेकला, खाली दरीत उतरला, आणि म्हणाला, "डोंगर. चांगला स्वतंत्र."

करवंद्याने मान ताठ केली. तो बोटभरही वाढला नव्हता.

"दादा, ऐकलंस का?"

आढा खालच्या दरीकडे बघत होता. त्याच्याही कमरेला आता कुणाचा हात नव्हता.

करवंद्याच्या अंगावर एक झरा होता. त्याला तो आपलाच वाटे. पाणी आढ्याच्या पोटातून निघून आईच्या पाठीखालून येत होतं, हे झरा आटल्यावर त्याला कळलं. जाळ्या वाळत गेल्या. नाव तेवढं राहिलं. पण त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं.

किरण मोजत मोजत खाली मैदानात उतरला. ओढ्याने खिंडीतून वाहून आणलेली माती तिथे टाकली होती. लहानसा उंचवटा झाला होता. त्यावर गुरं रवंथ करत बसली होती. करवंद्या वरून बघत होता. तांबडी माती आढ्याच्या अंगची, काळी त्याच्या अंगची. कुठली कुणाची हे सांगता येऊ नये अशी कालवली गेलेली. किरण त्या उंचवट्यावरून गेला. क्षणभरही थांबला नाही. त्याने तो सपाट जमिनीत धरला.