पाटीवरचा अर्धविराम

एका खाडीकाठच्या गावात अनसूयाबाई नावाच्या शिक्षिका राहत. समोरच्या बेटावर देऊळ होतं. ओहोटीला तिथे चालत जाता येई. पाणी चढू लागलं की गुरव देवळाची घंटा वाजवी आणि मग होडीशिवाय वाट नसे.

परदेशी पाहुणे येऊ लागले, तेव्हा गावाने इंग्रजी पाटी लावायचं ठरवलं. मजकूर बाईंनी लिहिला. आपल्या इंग्रजीचा, त्यातही अर्धविराम (;) आणि अपूर्णविराम (:) वापरण्याचा, त्यांना मोठा अभिमान. वाक्याचा अर्थ असा होता: 'चालत जा; घंटेनंतर होडीची वाट पाहा.'

पाटी रंगवताना रमाकांत पेंटर म्हणाला, "बाई, वरची ओळ आखूड पडतेय."

बाईंनी मान तिरकी करून पाहिलं. 'घंटेनंतर' एवढं त्यांनी वरच्या ओळीत घेतलं आणि अर्धविराम त्याच्यापुढे सरकवला. दोन्ही ओळी सारख्या झाल्या. बाई खूश झाल्या. वाक्य पुन्हा वाचून पाहावं, असं काही त्यांच्या मनात आलं नाही.

काही दिवसांनी एक वयस्क परदेशी जोडपं आलं. वाळू कोरडी होती, तरी दोघं पाटीजवळ थांबून राहिली. घंटा झाली, तशी ती खाडीत उतरली. मध्यावर पोचेतो पाणी छातीला लागलं. बाबल तांडेलाने होडी घातली म्हणून दोघं वाचली.

काठावर गाव जमला. सरपंच रमाकांतला म्हणाले, "तूच काहीतरी चुकीचं उतरवलंस."

रमाकांतला इंग्रजी येत नव्हतं. तो पाटीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत चूक शोधू लागला.

भिजलेली पाहुणी बाईंना म्हणाली, "पाटीवर होतं तसंच आम्ही केलं. होडी परतीसाठी असेल असं वाटलं."

बाई पाटीपुढे गेल्या. अर्धविरामापाशी थांबत त्यांनी वाक्य मोठ्याने वाचलं. आता त्याचा अर्थ होत होता: 'घंटेनंतर चालत जा; होडीची वाट पाहा.' चूक त्यांचीच होती. गप्प राहिल्या असत्या, तर कुणी त्यांना बोल लावला नसता.

"रमाकांतने मी सांगितलं तेच रंगवलं," त्या म्हणाल्या. "खूण मी सरकवली. ओळ देखणी दिसावी म्हणून."

त्यांनी त्या जोडप्याची हात जोडून माफी मागितली. मग रमाकांतला जवळ बोलावून सावकाश नवा मजकूर सांगितला: 'लक्षात ठेवा: घंटेआधी चालत जा; घंटेनंतर होडीनेच जा.' अपूर्णविराम पुढचं ऐकायला सांगत होता आणि अर्धविराम एक गोष्ट पुरी करून दुसरीला जागा देत होता.

रंग वाळेपर्यंत बाई उन्हात पाटीशेजारी उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला तोंडाने सांगत राहिल्या.

तात्पर्य: विरामचिन्हं शोभेसाठी नसतात, अर्थासाठी असतात, ती वाचणाऱ्याचा विचार करून द्यावीत आणि चुकली तर ती चूक आपली म्हणावी.