उरलेला मोती

एकदा काय झालं, एका डोहात साती आसरा राहायच्या. सात बहिणी, पाण्यातल्या देवता, पण भांडखोर हो. सातजणींत मोत्यांची माळ एकच. डोहाच्या काठी राहायची अंबू पटवेकरीण. रेशमात मणी ओवायचे आणि पोट भरायचं. नवरा नव्हता. एक लेक होती, वेणू. अंबू मणी मोजायला बसली की पहिल्याला 'एक' म्हणायची नाही. खळ्यावर धान्य मापताना म्हणतात ना, तसं 'लाभ' म्हणायची. लाभ, दोन, तीन.

मग एके सकाळी वेणू पोहायला उतरली, आणि तिच्या पायात अडकून आसरांची माळ तुटली. झालं. आसरांनी पोरीला तळाशी ओढलं.

"एक हजार नऊ मोती आहेत," मोत्यांचा ढीग काठावर टाकून थोरली अंबूला म्हणाली. "आमच्यात सारखे वाटून दे. फोडायचा नाही, उरवायचा नाही. तीन दिवसांत जमलं नाही तर पोरीची शिळा होईल."

अंबूनं सात वाटे केले. दर वाट्याला एकशे चव्वेचाळीस आले, आणि एक उरला. आपलंच चुकलं म्हणून तिनं पुन्हा मोजले. बोटं सोलली, तरी तो उरलाच.

दुसऱ्या दिवशी आसरा म्हणाल्या, "मग तुझ्या पोरीला आमची आठवी बहीण करू." लेक परत येणार नाही, पण जगेल तरी. अंबूनं रडत रडत आठ वाटे केले. एकशे सव्वीस, आणि एक उरला.

तिसऱ्या दिवशी पाण्यातून वेणूची हाक येईनाशी झाली. अंबू म्हणाली, "आयांनो, मलाही घ्या. मी नववी. लेकीजवळ तरी राहीन." मग नऊ वाटे. एकशे बारा, आणि पुन्हा एक उरला. बरं का पोरांनो, बुडायचंसुद्धा नशिबात नसेल तर माणसानं करावं काय?

अंबूचं रडू आटलं. "एक," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडून तो शब्द निघाला. "एकच उरतो. मीपण अशीच उरणार."

तो मोती ती नुसता बोटांत फिरवत बसली. मोत्याला भोक होतं. पटवेकरणीच्या बोटाला भोक लागलं की तिला दोरा आठवतो. तीन दिवस वेडी मोजत बसली होती, ओवायचं विसरून. तिनं कनवटीचं रेशीम काढलं. पाचशे चार इकडे, पाचशे चार तिकडे, आणि मधोमध तो उरलेला.

"आयांनो, यांचे वाटे होत नाहीत," ती म्हणाली. "एकेकीला एकेक द्यायचा तर हजार नऊ जणी हव्यात. नाहीतर सगळे एकत्रच राहायचे. मोती नका वाटू, वार वाटून घ्या. तुम्ही सात, वारही सात."

थोरलीनं रविवार घेतला, धाकटीनं शनिवार. मग वेणू वर आली. निळी पडलेली, गारठलेली, पण जिवंत.

मायलेकी सुखानं राहिल्या. अंबूचे केस मात्र तीन दिवसांत पांढरे झाले ते झालेच, आणि धास्तीही काही गेली नाही. रोज निजताना ती लेकीचं डोकं चाचपायची आणि म्हणायची, "लाभ." पुढे मोजायला तिला काही नव्हतं.

चला, डोकी इकडे करा बघू. लाभ, दोन, तीन. सगळी आहेत. निजा आता.