धनी म्हणावं कुणाला

एका राज्यात, आदितवारी, दिवस नुकता कासराभर वर आला असताना हे सारं सुरू झालं. त्याच घटकेला राजा उग्रकेतूची दवंडी पिटली गेली:

"ऐका हो ऐका! आजपासून 'धनी' हा शब्द एकट्या राजाचा. देवाला म्हणाल, नवऱ्याला म्हणाल, तर घरातला लाडका आवाज जाईल!"

दवंडी गावाच्या या टोकाला होती आणि ठकू त्या टोकाला. तिनं काही ऐकलं नाही. घोंगड्या विणणारा तिचा नवरा म्हाळू मागावर बसला होता. तिनं रोजच्यासारखा पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "घ्या धनी."

पाळण्यात त्यांचा तान्हा केरू रडत होता. रडता रडता त्याचा आवाज तुटला. तोंड उघडं, डोळ्यांतून धारा, पण आवाज नाही. ठकूनं त्याला उचललं, हलवलं, छातीशी धरलं. आवाज गेला तो गेलाच.

ज्या आईचं लेकरू मुकं रडतं तिला झोप कुठली? भूक लागली कळत नाही, मुंगी चावली कळत नाही. पाठ फिरवली की जीव खाली-वर. ठकू चुलीपुढे बसायची ती मान वळवूनच. भाकरी करपायची, हात भाजायचा.

शेजारणी आल्या त्या बोलायलाच.

"धनी म्हणे! दोन मेंढरांचा धनी! फेड आता."

देवळाचा पुजारी आला, त्यानं वेगळंच ऐकवलं. "धनी एकच, तो डोंगरावरचा देव. माणसाला धनी म्हणालीस, हे पाप भोवलं."

ठकूच्या अंगाचा तिळपापड झाला. राजा म्हणतो शब्द माझा, पुजारी म्हणतो देवाचा. बोललं कोण? ठकू. मग ठकूला कुणी विचारलं का? त्या घरात म्हाळूचा शब्द खाली पडत नसे, हे खरं. तो बस म्हणाला की ती बसे, ऊठ म्हणाला की उठे. पण हे त्यानं लादलं नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनंच हौसेनं मागून घेतलं होतं. त्यात तिला सुख होतं. त्यात पाप कुठून आलं?

आणि तरी मनात किडा वळवळत राहिला. खरंच पाप असेल तर? माझ्यामुळंच लेकरू मुकं झालं असेल तर?

तेवढ्यात आढ्यावर साळुंकी येऊन बसली. त्या राज्यात साळुंक्या बोलत, त्याचं कुणाला नवल नव्हतं.

"ठकूबाई, राजाच्या मांत्रिकानं शापित खजिन्यातून काळं दगडी सिंहासन काढलंय. त्याला मानाची भूक. रोज मान मिळाला नाही तर बसणाऱ्यालाच गिळतं. राजा भ्यालाय, म्हणून साऱ्यांचा शब्द ओढून त्याला चारतोय. तुझ्या लेकराचा आवाज त्याच्याच पोटात आहे."

"बाहेर कसा काढू?"

"तीन उंबरे ओलांड. देवाचा, घरचा, राजाचा. तिन्ही ठिकाणी खरं तेच बोल. एक जरी खोटं बोललीस, तर सिंहासन आवाज पचवून टाकेल."

ठकूनं केरूला पाठीशी बांधलं आणि डोंगर चढली. गाभाऱ्यात शिरली ती भांडायलाच.

"अरे देवा! आंधळा आहेस का? चुकले असेन तर मला मुकं कर. या तान्ह्यानं तुझं काय घोडं मारलं?"

देव बोलला. "आवाज मी नेला नाही. दुसरं विचार."

"माझ्या माणसाला मी धनी म्हणते. तुझा मान चोरला का?"

"त्याला हाक कशी मारतेस?"

"अहो."

"मला?"

ठकू अडखळली. "अरे."

"लेकराला अरे, देवाला अरे. अहो तेवढं मधल्यांना. मग जवळचा कोण? मानाच्या शब्दानं मी वाढत नाही, ठकू, आणि तो दुसऱ्याला दिलास म्हणून घटत नाही. एकच सांग. तो म्हणाला, खोटं बोल, दुबळ्याला मार, देव सोड, तर ऐकशील?"

"तोंडावर थुंकेन."

"मग तो तुझा धनी आहे, देव नव्हे. जा."

पहिला उंबरा ओलांडला.

घरी येऊन ती म्हाळूपुढे उभी राहिली. शब्द खरंच आपला आहे का, हे तिला पाहायचं होतं. "आजपासून, मला परत वाटेपर्यंत, मी तुला धनी म्हणणार नाही. अहोही म्हणणार नाही. चालेल?"

म्हाळूचा हात मागावर थांबला. चेहरा उतरला.

"चालेल म्हणालो तर खोटं होईल. वाईट वाटलं. पण शब्द तुझा. तूच दिलास, तूच काढून घे."

"अरे म्हाळू, मग चूल पेटव."

"पेटवतो बाई," म्हाळू उठला. "धूर झाला तर हसू नको."

धूर झाला. ठकू हसली आणि हसता हसता रडली. दुसरा उंबरा ओलांडला.

तिसऱ्या उंबऱ्यावर भालेवाले होते. पाठीवरचं मुकं लेकरू पाहून त्यांनी तिला वाट सोडली. दरबारात सारे माना खाली घालून एकसुरात म्हणत होते, "अहो धनी, अहो धनी." काळं सिंहासन मचमच चावत होतं. राजा त्यावर बसला होता, पण कंबरेपर्यंत दगडात रुतलेला.

मांत्रिक म्हणाला, "बाई, राजाला एकदा धनी म्हण. आवाज घेऊन जा."

ठकूच्या जिभेवर शब्द आला. एकच तर शब्द! पाठीवर केरू मुका हुंदके देत होता, त्याचं अंग तिच्या पाठीवर हादरत होतं. म्हणून टाकावं? लेकरासाठी आई काय करत नाही?

पण ते खोटं झालं असतं. खोटं ते दगडाचं अन्न.

तिनं मान वर केली.

"अरे उग्रकेतू!"

खाली गेलेल्या माना वर झाल्या.

"अरे, मान काय खंडणी आहे वसूल करायला? मी ज्याला धनी म्हणते त्यानं तो कधी मागितला नाही. मी काढून घेतला तर तो चूल फुंकत बसला. तुझ्याकडून काढून घेतला तर तू उरतोस का, सांग! तान्ह्यांचे गळे कापून मोठेपणा मिरवतोस? थू तुझ्या मोठेपणावर!"

"हिचं डोकं उडवा!" मांत्रिक ओरडला. भालेवाला पुढे झाला, पण त्याच्याही घरी मुलगी मुकी झाली होती. त्यानं भाला खाली टाकला. तो म्हणाला, "अरे राजा, पुरे." मग दुसरा म्हणाला. मग सारा दरबार.

सिंहासन उपाशी पडलं. त्यानं राजाला गिळायला जबडा फाकला, तोच राजा कळवळून ओरडला, "ठकूबाई, मी कुणाचाच धनी नाही गं! भीतीचा चाकर आहे!"

आयुष्यातलं हे त्याचं पहिलं खरं बोलणं. दगड उभा तडकला. मांत्रिक त्या भेगेत गेला तो गेलाच. आणि आतून आवाज सुटले: आज्यांच्या ओव्या, पोरींचं खिदळणं, गुरवाचा शंख. आणि केरूनं असा टाहो फोडला की छताची कबुतरं उडाली.

"रड माझ्या राजा, रड!" ठकू म्हणाली, आणि तिथंच भिंतीला टेकून त्याला पाजायला बसली.

राजा पुढं साध्या पाटावर बसून न्याय करू लागला. पुजारी देवळातच राहिला, पण कुणाच्या घरात डोकावेना. म्हाळूला ठकूनं आठवडाभर तंगवलं आणि मग एका दुपारी, आपल्या मर्जीनं, हळूच धनी म्हटलं.

तर बायांनो, ही गोष्ट पोटात ठेवू नका. पाणवठ्यावर सांगा, जात्यावर सांगा. जिला कुणी दरडावून मान मागतं, तिच्या कानावर तर आजच घाला.