साधे पाणी

एकदा एक विज्ञानशिक्षक रागाने धुमसत आपल्या जुन्या गुरुजींच्या ओट्यावर येऊन बसला. शाळा नुकतीच सुटली होती.

"काहून रे बाबू, कोणाशी भांडून आलास?" गुरुजींनी विचारले.

"नववीतली एक पोरगी आहे, करुणा तायडे. भर वर्गात मला खोटं पाडते!"

प्रकार असा होता. वर्गात बटाट्याचा प्रयोग होता. सारख्या मापाच्या दोन फोडी कापायच्या. एक मिठाच्या पाण्यात ठेवायची, एक साध्या पाण्यात. मिठाच्या पाण्यातली फोड अंगचे पाणी सोडून लुळी पडते, साध्या पाण्यातली पाणी शोषून ताठ होते. पुस्तकात तसे आहे. शिक्षकाने निरीक्षण फळ्यावर आधीच लिहून दिले, प्रयोग मागाहून. सगळ्या वर्गाने फळा उतरवून घेतला. एकट्या करुणाने लिहिले, साध्या पाण्यातली फोड ताठ झाली नाही.

"खोड म्हटलं, तर म्हणते, 'सर, तुम्ही हात लावून तर पाहा!' उद्या सगळ्यांसमोर चूक कबूल केली नाही, तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसूच देणार नाही तिला."

"मग लावलास का हात?"

"गुरुजी, पुस्तकातलं काय खोटं असतं?"

गुरुजी आत गेले आणि एक बटाटा, विळी आणि दोन वाट्या घेऊन आले. न विचारता त्यांनी शिक्षकाच्या पिशवीतली बाटली काढली आणि एका वाटीत ओतली.

"अहो, ते माझं प्यायचं पाणी आहे!"

गुरुजींनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. तांब्या घेतला, काठी टेकत शेजारच्या शाळेच्या टाकीवर गेले आणि तिथल्या पाण्याने दुसरी वाटी भरली. दोन्हींत एकेक फोड टाकली.

"बस आता."

शिक्षक चुळबुळत बसला. त्याची तालुक्याची एस.टी. निघून गेली. उन्हे उतरल्यावर गुरुजी म्हणाले, "लाव हात."

बाटलीच्या पाण्यातली फोड काडीसारखी ताठ होती. टाकीच्या पाण्यातली वाकवावी तशी वाकत होती. शिक्षकाने ती पुन्हा वाकवून पाहिली.

"यात मीठ टाकलंत तुम्ही?"

"मी कशाला टाकू? जमिनीतूनच येतं ते." गुरुजींचा आवाज चढला. "आपल्या पट्ट्यात बोअरचं पाणी खारं असतं, हे तुला सांगायला पाहिजे? याच पाण्यावर वाढलास तू. तालुक्याला राहायला गेलास, बाटली भरून आणू लागलास आणि विसरलास! शिक्षकांच्या खोलीत विकतच्या पाण्याचा जार येतो. पोरं टाकीच्या नळाला ओंजळ लावतात. तेच पाणी त्यांच्यापुढे ठेवून वर म्हणतोस, साधं पाणी! माणसांच्या जिभेला सवय झाली, म्हणून कोणी बोलत नाही. बटाट्याला सवय नव्हती. तो बोलला. त्याचं त्या पोरीनं ऐकलं. आणि तू तिच्याच तोंडून चूक वदवायला निघालास!"

शिक्षकाची मान खाली गेली. "तिची चूक नव्हती," तो पुटपुटला.

"ते झालंच. पण ती रोज पोटात काय घेते, ते बघ आधी."

दुसऱ्या दिवशी वर्गात करुणा स्वतःहून उभी राहिली. ओठ घट्ट मिटलेले.

"बस," शिक्षक म्हणाला. "तू लिहिलंस ते खरं. मी फळ्यावर लिहिलं ते खोटं."

"म्हणजे सर, मी कबूल नाही ना करायचं काही?"

वर्ग हसला. "नाही. मी केलं," शिक्षक म्हणाला आणि तडक शिक्षकांच्या खोलीत गेला. तिथला जार उचलून त्याने पोरांसाठी व्हरांड्यात आणून ठेवला. मुख्याध्यापक धावत आले.

"अहो, हे काय? स्टाफनं काय प्यायचं?"

"टाकीचं. पोरांना चांगलं मिळेपर्यंत."

"वरपर्यंत तक्रार जाईल!"

"सर, तीच तर जायला पाहिजे."

शिक्षकाने टाकीच्या नळाखाली पेला धरला आणि उभ्याउभ्या रिकामा केला. पाणी खारट होते. लहानपणी त्याला ते कधी खारट लागले नव्हते.

लेकराचे उत्तर खोडण्याआधी त्याच्या पेल्यातले पाणी एकदा चाखून पाहावे.