टिचकीचा न आलेला बुडबुडा

ही गोष्ट खरी आहे. गळ्याशप्पथ. म्हणजे, अर्धी तरी खरी. उरलेली अर्धी एका मासोळीने सांगितली, आणि ती जरा थापाडी आहे.

शेवंतामावशीच्या अंगणात हौद. हौदात टिचकी. टिचकी म्हणजे करंगळीएवढी मासोळी. मावशीनेच आणून सोडली, डासांची पिल्लं खायला.

हौदाच्या तळाशी हिरवंगार शेवाळ. शेवाळ रोज सकाळी बुडबुडे सोडायचं. बुड् बुड् बुड्. टिचकी एक गिळायची. गट्ट. की श्वास मोकळा.

काल मावशीने हौदावर पत्रा टाकला. आणखी डास नकोत म्हणून. पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवला. मावशी फार पक्की.

आज हौदात काळोख. आणि एकही बुडबुडा नाही. टिचकीला धाप लागली. हफ्फ हफ्फ.

ती गेली शेवाळाकडे. सुळुक सुळुक.

"शेवाळा, शेवाळा, बुडबुडा दे."

"ऊन आलं तर देईन. उन्हात माझी चूल पेटते. चूल पेटली की बुडबुडे सुटतात. काळोखात मलाच हवा लागते. हफ्फ."

पत्र्याला होतं एक भोक. टिचकी वर गेली. सुळुक सुळुक. भोकातून तोंड काढलं.

"उन्हा, उन्हा, आत ये. ऊन येईना, शेवाळ बुडबुडा देईना, माझी धाप जाईना. हफ्फ हफ्फ."

"पत्रा सरकला तर येईन. भोकातून यायला मी काय मुंगी आहे?"

"पत्र्या, पत्र्या, सरक. पत्रा सरकेना, ऊन येईना, शेवाळ बुडबुडा देईना, माझी धाप जाईना. हफ्फ हफ्फ."

"दगड गडगडला तर सरकेन. पोटावरच बसलाय. मला ढेकरसुद्धा देता येत नाही."

"दगडा, दगडा, गडगड. दगड गडगडेना, पत्रा सरकेना, ऊन येईना, शेवाळ बुडबुडा देईना, माझी धाप जाईना. हफ्फ हफ्फ."

"बोका उठला तर गडगडेन. माझ्यावर लोळलाय. वर घोरतो पण."

खरंच, दगडावर एक जाडजूड बोका. घुर्र घुर्र.

"बोक्या, बोक्या, ऊठ. बोका उठेना, दगड गडगडेना, पत्रा सरकेना, ऊन येईना, शेवाळ बुडबुडा देईना, माझी धाप जाईना. हफ्फ हफ्फ."

बोक्याने डोळे उघडलेच नाहीत.

"मासोळी दिसली तर उठेन. आहे का तुझ्याकडे?"

टिचकीने विचार केला. हफ्फ. आणखी विचार केला. हफ्फ हफ्फ.

"एक आहे," ती म्हणाली. "पण ती मला हवीये."

"नुसती दाखव."

टिचकी वळली. भोकातून शेपटी बाहेर काढली. हलवली. फटक फटक.

बोक्याने एक डोळा उघडला. मग दुसरा.

बोका उठला. झपाक.
दगड गडगडला. गडगड गडगड.
पत्रा सरकला. खर्रर्र.
बोका हौदात. धुब्बक.
आणि बोक्याच्या मागोमाग ऊन आलं.

टिचकी शेवाळात घुसली. सुळुक.

"शेवाळा, शेवाळा, बुडबुडा दे."

"चूल पेटली गं. पण शिजवू काय? तुझी उष्टी हवा टाक."

"कुठली उष्टी हवा?"

"हफ्फ हफ्फ करून सोडतेस ती."

"ती तर मी फेकून देते."

"मग इकडे फेक."

टिचकीने फेकली. हफ्फ.

बुड् बुड् बुड्.

टिचकीने एक गिळला. गट्ट. धाप गेली.

दुसरा बुडबुडा वर गेला आणि बोक्याच्या नाकावर फुटला. टप्.

मावशी धावत आली. मानगूट धरून बोक्याला बाहेर काढलं.

"डास परवडले बाई," म्हणाली. आणि पत्रा कोंबड्यांच्या खुराड्यावर नेऊन टाकला. कोंबड्यांचं म्हणणं कुणी विचारलं नाही.

झाली गोष्ट. पण फुकट नाही हं. चल, ऊठ. खिडकीतल्या कुंडीजवळ जा. झाडाला एक मोठी फुंकर दे.

उष्टीच दे. ताजी चालत नाही.