घणकासाराचा हात

नदी जिथे वळण घेते तिथे एक गाव होतं. त्या गावातल्या बायकांना जाडंभरडं लुगडं चालायचं, कोरडी भाकरी चालायची, पण मोकळं मनगट चालायचं नाही. पाण्याला जाताना, दळताना, अगदी भांडतानासुद्धा हातात काचेच्या बांगड्या वाजायला हव्यात. भांडण कुणाच्या घरात चाललंय हे तिथे बांगड्यांच्या आवाजावरून ओळखू यायचं.

गावचा म्हातारा कासार, म्हणजे बांगड्या भरणारा, थकला आणि लेकीकडे राहायला गेला. त्याच्या जागी नवा कासार आला. सखाहरी त्याचं नाव. सोबत बायको गोदा आणि बांगड्यांच्या दोन पेट्या.

नवा कासार दिसायला कासार नव्हताच मुळी. दारातून आत यायचं तर त्याला वाकावं लागे. आवाज असा, की त्याने हाक मारली की शेजारच्या गोठ्यातली म्हैस मान वर करी. आणि हात तर काय सांगावे. तळवे फावड्याएवढे, बोटं जाड, त्यावर भाजल्याचे जुने डाग. ज्या गावात बांगड्या बनतात तिथल्या भट्टीपुढे तो लहानाचा मोठा झाला होता, ते डाग तिथले. पण हे कोण विचारतंय.

बायकांच्या डोळ्यांपुढचा कासार ठरलेला होता. सडसडीत बोटांचा, पान खाल्लेल्या ओठांचा, गोड बोलणारा. तसा एक बाजारच्या गावाहून दर आठवड्याला यायचाही. "वहिनी, तुमच्या रंगाला मोरपंखीच शोभणार," असं तो गोरीला म्हणायचा, सावळीलाही म्हणायचा, आणि तोंडात एकही दात नसलेल्या म्हातारीलाही म्हणायचा. म्हातारी तर आठवडाभर खूश असायची.

पहिल्या दिवशी सखाहरीने चावडीजवळच्या ओट्यावर पेटी उघडली. सगळ्यांत आधी आली चांगुणाबाई. गावातली कुठलीही बातमी तिच्यावाचून पुढे जात नसे. तिने बसून हात पुढे केला. आता झालं होतं असं, की सकाळीच विहिरीच्या रहाटाला आपटून तिच्या हातातल्या एका जुन्या बांगडीला तडा गेला होता. ते तिलाही ठाऊक नव्हतं. कासाराने हात धरला आणि ती बांगडी दोन तुकडे होऊन खाली पडली.

"फुटली," कासार म्हणाला.

ओट्याभोवती बघायला बायका जमल्या होत्या. कुणी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, कुणी लेकराला जवळ घेतलं. कारण त्या गावात बांगडी कधी फुटत नसे. बांगडी वाढायची. फुटली म्हणणं म्हणजे नवऱ्याच्या जिवावर बोलणं. कासाराच्या गावी भट्टीवर दिवसाला शंभर बांगड्या मोडायच्या आणि लहानथोर सगळे सरळ फुटली म्हणायचे. तिथले नवरे ठणठणीत होते. पण इथलं वळण वेगळं.

चांगुणाबाईने हात ओढून घेतला. "हात आहे का घण? आणि तोंड तर घणापेक्षा जड."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्या दिवशी पाणवठ्यावर हंडे भरून होईपर्यंत नव्या कासाराचं नाव पडलं, घणकासार.

नाव पडलं ते चिकटलंच. ओट्यावर तो रोज पेटी उघडून बसायचा आणि बायका लांबून वळसा घालून जायच्या. एखादीचं लेकरू रडायला लागलं तर ती म्हणायची, "गप बस, नाहीतर घणकासाराकडे देईन." लेकरू गप बसायचं. कासार मान खाली घालून काच पुसत राहायचा.

गावचा लोहार मनाने चांगला होता. एक दिवस तो शेजारी येऊन बसला. "सखाहरी, कशाला काचेच्या नादी लागलास? हात बघ तुझे. देवाने तुला माझ्याकडे पाठवलं होतं, वाटेत तू चुकून कासाराच्या घरात शिरलास. ये भात्यावर. उद्यापासून ये."

लोहार भल्यासाठीच बोलला. पण बायकांच्या हसण्यापेक्षा कासाराला तेच जास्त लागलं.

घरी गोदाने त्याला बोलायला शिकवायला घेतलं. "म्हणा, वाढली."

"वाढली."

"असं दरडावून नाही. हळू. बाईला वाटलं पाहिजे, काही झालंच नाही."

कासाराने दिवसभर घोकलं. संध्याकाळी गोदाच्या हातून मातीचं झाकण पडून फुटलं. तो लगेच म्हणाला, "झाकण वाढलं." गोदाने मान डोलावली. थोड्या वेळाने ती चुलीपासून म्हणाली, "अहो, भात वाढू का?"

"का? भाताला काय झालं?"

गोदा हसता हसता खालीच बसली. कासारही हसला. खूप दिवसांनी हसला. मग हसू ओसरल्यावर म्हणाला, "अगं, लग्नसराई संपेपर्यंत बघू. तोवर एकही हात पुढे आला नाही, तर पेट्या विकून टाकू. मी भात्यावर जाईन."

गोदा म्हणाली, "लोखंड काय, कुणीही बडवेल. काच तुमच्या हाताला कळते."

"मला कळून काय उपयोग? त्यांना कळायला हवं ना."

लग्नसराई आली. मांडव उभे राहिले. प्रत्येक मांडवात बाजारचा कासार आला, वहिनी वहिनी करत चुडे भरून गेला. सखाहरीच्या ओट्यावर कुणी फिरकलं नाही. शेवटी गावात एकच लग्न उरलं, चांगुणाबाईच्या लेकीचं, मैनेचं.

चांगुणाबाईला आठ दिवस झोप नव्हती. आईच ती. वर कसा असेल, सासू कशी असेल, पाऊस तर येणार नाही ना, आणि सगळ्यांत मोठी काळजी मैनेच्या उजव्या हाताची. लहानपणी मैना पडली होती आणि अंगठ्याच्या बुडाशी हाड जरा वाकडं बसलं होतं. साध्या बांगड्या ती नेहमी मोठ्या मापाच्या घालायची. त्या हात खाली केला की घसरायच्या, पण घरात चालून जायचं. नवरीचा हिरवा चुडा कसा घसरून चालेल? आणि चुडा भरल्याशिवाय हळद लागत नाही.

हळदीच्या सकाळी बाजारचा कासार आला. पाट मांडला. "मैनाताई, हात कसला, केळीचा गाभा आहे," असं म्हणून त्याने डावा हात झटकन भरला. मग उजवा धरला. पहिली बांगडी हाडाशी अडली आणि कटकन मोडली.

"वाढली, वहिनी, वाढली. शुभ असतं."

दुसरी गेली. "हीही वाढली."

तिसरी गेली आणि मैनेच्या अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला. त्याने घाईघाईने मोठ्या मापाच्या चढवल्या. मैनेने हात खाली सोडला आणि सगळ्या बांगड्या पाटावर येऊन पडल्या.

बाजारच्या कासाराने पेटी आवरली. बोलणं तसंच गोड. "वहिनी, हा हात काचेचा नाही. पितळेच्या घाला. हल्ली घालतात." आणि तो निघून गेला.

एक हात काचेचा आणि एक पितळेचा, अशी नवरी कुणी पाहिली होती? मांडवातल्या बायका कुजबुजायला लागल्या. 

मैना अंगठा चोखत म्हणाली, "आई, त्या घणकासाराला बोलाव."

"काय बोलतेस? तो हात तुझ्या हातावर? मेलं हाडच मोडायचं."

"तुझा हात मोडला होता का त्याने?"

चांगुणाबाईने आपल्या मनगटाकडे बघितलं. मोडला नव्हता. खरं तर दुखलाही नव्हता. हे तिला आज पहिल्यांदाच आठवलं.

"आणि आत्ता या तीन वाढल्या," मैना म्हणाली, "त्या बारीक बोटांनीच ना?"

आईला दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. पण नाव तिने ठेवलं होतं, तेव्हा पायही तिचेच झिजायला हवे होते. ती उन्हातून तडक निघाली. जाऊन बघते तर सखाहरी अंगणात पेट्यांना दोरी बांधतोय.

"कासारदादा आहेत का?" डोळ्यांसमोर दिसत असूनही तिने विचारलं.

गोदा दारातून म्हणाली, "घण हवा असेल तर लोहाराकडे मिळेल, बाई."

चांगुणाबाईने ते गिळलं. "मीच बोलले होते ते. नाव मीच ठेवलं. चुकले मी. आता लेकीचा चुडा अडलाय. तुम्ही चला."

सखाहरीने दोरीची गाठ सोडली नाही, घट्टही केली नाही. "बाई, मला भीती वाटते. मी हात धरला आणि एखादी वाढली, तर?"

"तीन आधीच वाढल्यात. चौथीला कोण मोजतंय? आणि गावाला काय सांगायचं ते मी बघते. आजवर मीच सांगत आलेय."

गोदाने पुढे होऊन गाठ सोडली, हिरव्या बांगड्यांची पेटी नवऱ्याच्या खांद्यावर दिली आणि स्वतःही सोबत निघाली.

मांडवात सखाहरी पाटासमोर बसला तेव्हा बायका दोन पावलं मागे सरल्या. त्याने आधी हाताला हात लावलाच नाही. नुसता बघितला. मग कोमट पाणी मागितलं आणि मैनेला हात त्यात बुडवून बसायला सांगितलं. तेवढ्यात त्याने पेटीतली एकेक बांगडी कानाशी धरून नखाने टिचकी मारली. टण. टण. टण. एक वाजली टक.

"ही फुटकी," तो म्हणाला आणि ती बाजूला ठेवली.

म्हणाला आणि त्याचं त्यालाच कळलं. भरल्या मांडवात, नवरीसमोर. त्याचा चेहरा उतरला. गोदाने डोळे मिटले. एक म्हातारी जीभ चावून म्हणाली, "बघा, सुटलं याचं तोंड. ऐन हळदीच्या दिवशी."

चांगुणाबाई कमरेवर हात ठेवून वळली. "आत्याबाई, फुटकी आहे तर फुटकीच म्हणणार. गोड बोलून तीच माझ्या पोरीच्या हातात चढवली असती तर तुम्ही काय म्हणाला असता, शुभ असतं? कासारदादा, तुम्ही भरा."

सखाहरीने मैनेचा हात हातात घेतला. तेव्हा सगळ्यांना दिसलं. बारीक बोटांचा माणूस चिमटीत धरतो आणि हाडावरून बांगडी लोटतो. सखाहरीच्या तळव्यात मैनेचा सगळा हात मावला, अंगठ्यासकट, वाकड्या हाडासकट. त्याने तो सगळीकडून एकदम, हळूच मिटवला. पण मैनेने भीतीने हात ताठ धरला होता.

"कशावरून पडली होतीस गं, बाळ?" त्याने विचारलं.

"चिंचेवरून."

"चिंचेवरून?" चांगुणाबाई म्हणाली. "मला तर सांगितलं होतंस पायरीवरून."

"चिंचेवर चढायला तू बंदी घातली होतीस ना."

"म्हणजे एवढी वर्षं मी त्या पायरीला तेल-पाणी घालून नजर उतरवत होते?"

मांडवात हशा पिकला. मैना इतकी हसली की तिचा हात लोण्यासारखा सैल झाला. आई रागावत होती, लेक हसत होती, आणि तेवढ्या वेळात चार बांगड्या हाडावरून मनगटात कधी गेल्या ते कुणालाच कळलं नाही.

"सांग अजून," सखाहरी म्हणाला. "चिंचा तरी मिळाल्या का?"

"दोन. एक पडताना चिरडली."

आणखी चार आत गेल्या. बांगडीचा जोड असतो तिथे ती कच्ची असते, म्हणून प्रत्येक वेळी तो जोड हाडापासून लांब फिरवून घ्यायचा, जराही घाई न करता. शेवटची बांगडी मात्र अडली.  त्याने ती रेटली नाही. काढून घेतली, हात पुन्हा पाण्यात बुडवला, पुसला, आणि दुसऱ्यांदा ती जणू स्वतःहून आत गेली.

मैनेने हात खाली सोडला. एकही पडली नाही. वर केला. सगळ्या एकदम वाजल्या.

चुडा भरून झाला की त्या गावात नवरी कासाराला वाकून नमस्कार करते, कारण सौभाग्याचं लेणं त्याच्या हातून येतं. मैनेने नमस्कार केला. मग तिच्या आईनेही केला. सखाहरी इतका गोंधळला की आशीर्वादासाठी हात उचलला आणि तो मांडवाच्या तोरणाला अडकला. दोन आंब्याची पानं मैनेच्या डोक्यावर पडली.

"चांगलं झालं," आत्याबाई म्हणाल्या, आणि पदर सावरून पाटावर बसल्या. "आता माझा धरा बरं. बोटांचे सांधे दुखतात, वर्षभर धड बांगडी चढलेली नाही."

त्यांच्या मागे जाऊबाई बसली, तिच्या मागे शेजारीण, तिच्या मागे सासरहून हळद घेऊन आलेल्या दोघी. गोदा पेटीतून रंग काढून द्यायला बसली. हळदीची वाटी तशीच राहिली आणि चांगुणाबाई दारात उभी राहून रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकीला आत बोलवत होती. शेवटी नवरीनेच आवाज दिला, "आई, आज हळद माझी आहे ना?"

त्यानंतर बाजारचा कासार यायचा थांबला नाही. बायका त्याच्याकडून फण्या घ्यायच्या, टिकल्या घ्यायच्या, आणि मोरपंखी कुणाला शोभतं ते ऐकून यायच्या. बांगड्या मात्र सखाहरीकडेच भरायच्या.

तात्पर्य एवढंच, की कुणाचं काम त्याच्या हातापायाच्या आकारावरून किंवा पहिल्या दिवशी निसटलेल्या एका शब्दावरून ठरवू नये. आधी आपला हात त्याच्या हातात देऊन बघावा. आणि कुणाला वाईट नाव आपण ठेवलं असेल, तर ते पुसायलाही आपणच उठावं.