चौथ्या घणाची पाळी

एकदा एका व्यापाऱ्याच्या तांब्याच्या कारखान्यात भट्टी फुटली आणि म्हादबा नावाचा जुना कारागीर त्यात गेला. व्यापारी काही निष्ठुर नव्हता. त्याने म्हादबाच्या घरच्यांची सोय लावली, नवी भट्टी बांधली, हवेशीर छप्पर घातले आणि म्हादबाच्या जागी केरू नावाचा तरबेज गडी आणला. तरी काम उभे राहीना. तापलेल्या तांब्याच्या लादीभोवती चौघांनी पाळीपाळीने घण घालायचा, ही तिथली रीत. पण तिसरा घण पडला की ताल तुटे आणि पत्रा वाकडा होई. माणसे कारखाना सोडून जाण्याच्या गोष्टी करू लागली.

शेवटी व्यापारी एका वृद्ध गुरूंना घेऊन आला. सोबत त्यांची शिष्या होती.

"सगळं नवं दिलं, महाराज. आता आणखी काय देऊ?"

"भट्टी झकास, छप्पर झकास," सर्वांत वयस्क कारागीर तात्या म्हणाले. "जुने तेवढे आम्हीच उरलोय, शेठ. आम्हालाही बदलून टाका."

कोणी हसले नाही.

गुरूंनी केरूला बाजूला बसवले. "तिघांनीच घण घाला. चौथ्याची पाळी मोकळी सोडा."

"मोकळी?" व्यापारी गडबडला. "अहो, लादी निवेल ना!"

"निवू दे."

एक घण पडला. दुसरा. तिसरा. आणि मग काहीच नाही.

घणांच्या आवाजाला न दचकलेली शिष्या त्या शांततेला मात्र दचकली. नसलेला माणूस स्पष्ट ऐकू येत होता. पुन्हा तीन घाव, पुन्हा ती पोकळी. तात्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होते, पण ताल तसूभरही ढळत नव्हता. व्यापाऱ्याचे हात नकळत जोडले गेले.

"गुरुजी, हे काय होतंय?" शिष्येने कुजबुजत विचारले.

गुरू व्यापाऱ्याकडे वळले. "बाबा, तू जागा भरलीस, फार घाईने भरलीस. यांना वाटलं, उद्या आपण गेलो तरी असंच होणार. मग हात कामावर आले, मन आलं नाही. केरूवर यांचा राग नाही. गेलेल्याची पाळी आधी सगळ्यांनी मिळून ऐकायची राहिली होती."

लादी काळी पडली होती. ती पुन्हा भट्टीत गेली. लाल होऊन बाहेर आली, तसे तात्या घाम पुसत केरूकडे वळले.

"पाहुण्यासारखा बसलास काय? ऊठ. म्हादबा डाव्या अंगाने घालायचा. तू तुझ्या हाताने घाल."

चौथा घण पडला. आणि त्याच्या मागोमाग, क्षणही न चुकता, पहिला.